गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी: शोध आणि दप्तर

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा आद्य शोधक कोण, हा वाद वैद्यकाच्या इतिहासांत बराच चर्चिला गेला आहे. बुखारेस्टचे ऑरेल बाबेश यांनीं डॅनिएल यांच्यासह ता. २३ जानेवारी १९२७ रोजीं तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेंत आपली पद्धति मांडली. प्लॅटिनमच्या तारेच्या फांसानें पेशी घेऊन, त्या वाळवून व रंगवून, सूक्ष्मदर्शकाखालीं पाहणें ही ती पद्धति. जॉर्ज पापानिकोलाउ यांचा निबंध अमेरिकेंत बॅटल क्रीक येथें जानेवारी १९२८ मध्यें वाचला गेला. बाबेश यांचा फ्रेंच लेख पॅरिसच्या वैद्यकीय पत्रांत ११ एप्रिल १९२८ रोजीं निघाला, एवढ्यावरून कोणी पापानिकोलाउ यांस अग्रमान देतील. परंतु सभेंतील वाचन हेंही प्रमाणच होय. पेशी टिकविण्याची व रंगविण्याची उभयतांची कृति भिन्न असल्यामुळें उसनवारीचा आक्षेप मात्र टिकत नाहीं.

तथापि आमच्या मतें याहून महत्त्वाचा प्रश्न निराळा आहे. पापानिकोलाउ व ट्रॉट यांचा १९४१ चा निबंध व १९४३ चा ग्रंथ यांनीं ही तपासणी प्रसिद्धीस आणली. मग मृत्यु सर्वत्र सारखे कां घटले नाहींत? १९६५ ते १९८२ या अवधींत या रोगाच्या मृत्यूंचें प्रमाण आइसलंडांत सुमारें ८० टक्क्यांनीं उतरलें, नॉर्वेंत अवघें १० टक्क्यांनीं. तपासणी दोहोंकडे एकच. दप्तर मात्र निराळें. गांवचा कुलकर्णी जशी खातेदारांची यादी ठेवी, तशी आइसलंडांत देशभरच्या स्त्रियांची नोंद ठेवून त्यांस नेमानें बोलावणें जाई. नॉर्वेंत अशी व्यवस्था त्या काळीं एका लहानशा भागापुरतीच होती. इंग्लंडांतहि तपासणी १९६० नंतरच्या दशकांत सुरू झाली खरी, पण बहुधा जी आपण होऊन येई तिचीच. १९८८ सालीं यादीवरून बोलावण्याची व मुदतीनंतर पुनः बोलावण्याची पद्धति बसली, तेव्हां तपासलेल्या स्त्रियांचें प्रमाण ४२ टक्क्यांवरून १९९४ पर्यंत ८५ टक्क्यांवर गेलें आणि नव्या रोग्यांची संख्या झपाट्यानें घटली.

मुदतीचें कारण रोगाच्या स्वभावांतच आहे. पूर्वावस्थेंत तो वर्षानुवर्षें निमूट राहतो, आणि पेशींच्या एखाद्या तपासणींतून निसटूंहि शकतो.

आपल्याकडील साधन उस्मानाबाद (आतां धाराशिव) जिल्ह्याचें आहे. तेथें १९९९ पासून ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांवर मोठा प्रयोग झाला; निष्कर्ष २००९ मध्यें प्रसिद्ध झाला. रोगकारक विषाणूची चाचणी ज्या गटांत एकदांच केली, तेथील ३४,१२६ स्त्रियांत या रोगानें ३४ मृत्यु झाले. नेहमींच्या व्यवस्थेवर सोंपविलेल्या ३१,४८८ स्त्रियांत ६४. पेशींच्या एकाच तपासणीनें असा ठळक उतार दिसला नाहीं. विषाणूची चाचणी पुढचें पाहते, म्हणून तिची मुदत पांच ते दहा वर्षांची धरतात. पण मुदत आली कीं ती स्त्री पुनः सांपडली पाहिजे, आणि त्यास नोंद हवीच.

हिंदुस्थानांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांची दर पांच वर्षांनीं तपासणी व्हावी, असा सरकारी दंडक २०१६ सालीं ठरला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं ही तपासणी आयुष्यांत एकदां तरी झालेल्या निघाल्या शेंकडा १.९.