तीस-शून्य-सहाची कुळकथा

अमेरिकेतल्या कोलोरॅडो किंवा वायोमिंगमध्ये पहिल्यांदा शिकारीचा परवाना काढणाऱ्या माणसापुढे एक प्रश्न ठरलेला असतो. रायफल एकच घ्यायची आहे, ती हरणालाही चालली पाहिजे आणि एल्कलाही पुरली पाहिजे, मग काडतूस कोणते निवडायचे? पांढऱ्या शेपटीचे हरीण साठ-सत्तर किलोचे, मोठा नर शंभराच्या पुढेही जातो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा उत्तरेकडचा थोराड भाऊबंद. तिथले शॉनी आदिवासी त्याला त्याच्या फिकट पुठ्ठ्यावरून वापिटी म्हणत. त्याचा नर सहज तीनशे किलो भरतो आणि त्याच्या खांद्याचे हाड जाड असते. या दोघांना पुरणारे काडतूस म्हणून शंभराहून अधिक वर्षे एक नाव पुढे येत आले आहे: थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे तीस-शून्य-सहा. गंमत वाटेल, पण ते घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे ना हरीण होते ना एल्क.

आधी नाव सोडवून घेऊ. तीस म्हणजे 0.30 इंच, नळीचा आतला व्यास. पुढचे शून्य-सहा हे साल आहे, 1906. त्याच धाटणीचे दिसणारे थर्टी-थर्टी मात्र निराळे. तिथला दुसरा तीस हा दारूचे वजन सांगतो, तीस ग्रेन. फॉर्टी-फाइव्ह-सेव्हन्टीमधले सत्तरही दारूचेच. एक ग्रेन म्हणजे जेमतेम 65 मिलिग्रॅम. काडतुसांची नावे अशी कुणी वजनावरून, कुणी सालावरून, कुणी कारखान्यावरून ठेवलेली असल्यामुळे नवख्याचा गोंधळ होतो, त्यात त्याची चूक नाही. आपला काडतूस हा शब्द तरी कुठे घरचा आहे? पोर्तुगीजांच्या कार्तुशूवरून तो मराठीत आला, पिस्तुलासारखाच.

1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने धूर न करणारी दारू तयार केली आणि जगातल्या सगळ्या सैन्यांच्या बंदुका एका झटक्यात जुन्या झाल्या. नव्या दारूत जोर इतका होता की गोळी लहान करूनही तिला वेग देता येऊ लागला. अमेरिकेने 1892 मध्ये नॉर्वेच्या क्राग आणि यॉर्गेन्सन या जोडीची रायफल घेतली. तिची गोळी बोथट नाकाची, 220 ग्रेनची, म्हणजे चौदा ग्रॅमच्या आसपास होती, आणि वेग सेकंदाला साधारण 610 मीटर. रायफल गुळगुळीत चाले, पण काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक करून आत सोडावी लागत.

त्याची किंमत स्पेनविरुद्धच्या युद्धात 1 जुलै 1898 ला क्यूबात मोजावी लागली. सान्तियागोजवळच्या सान हुआन टेकड्यांवर स्पॅनिश सैनिक थोडेच होते, पण त्यांच्या हाती जर्मन माउझर रायफली होत्या. माउझरमध्ये पट्टीला लावलेली पाच काडतुसे अंगठ्याच्या एका दाबात आत जात. तिची सात मिलिमीटरची गोळी अधिक वेगाने आणि अधिक सरळ जाई. अमेरिकेच्या अनेक स्वयंसेवकांकडे तर अजून काळ्या दारूच्या जुन्या बंदुका होत्या. बार उडाला की धुराचा ढग उठे आणि बंदुकधारी कुठे आहे ते शत्रूला आपोआप कळे. टेकड्या अमेरिकनांनी घेतल्या, पण हजारावर माणसे मरून आणि जखमी होऊन. त्या चढाईत क्रागची आखूड रायफल बाळगणाऱ्या पथकाचा पुढारी होता थिओडोर रूझवेल्ट.

आपल्याकडेही हे सात मिलिमीटरचे माउझर काडतूस पोचलेले आहे. लंडनच्या रिग्बी या बंदूककारांनी त्याला इंग्रजी मापाने पॉइंट टू सेव्हन फाइव्ह म्हटले. 1907 मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल जिम कॉर्बेट यांना सर जॉन ह्युएट यांनी जी रायफल भेट दिली ती याच काडतुसाची. क्यूबाच्या टेकडीवर जिने अमेरिकनांना शिकवले, तिचीच बहीण कुमाऊंच्या जंगलात फिरत होती.

धडा घेतलेल्या अमेरिकेने स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यात माउझरच्या धर्तीची रायफल केली आणि 1903 मध्ये तिला नवे काडतूस दिले. ही नक्कल इतकी उघड होती की पुढे माउझर कंपनीला दोन लाख डॉलरपर्यंत स्वामित्वधन देण्याचे कबूल करावे लागले. या 1903 च्या काडतुसाकडे नीट पाहायला हवे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात दडलेले आहे. त्याची पुंगळी क्रागच्या पुंगळीपेक्षा ऐसपैस होती, पण गोळी तीच जुनी, लांब, बोथट, 220 ग्रेनची. एवढी लांब गोळी हवेत डगमगू नये म्हणून तिला भोवऱ्यासारखी जोरात फिरवावी लागते. त्यासाठी नळीतल्या सर्पिल खाचांना दर दहा इंचांत एक पूर्ण फेरा दिला होता.

एवढ्यात जर्मनांनी डाव बदलला. त्यांनी 1905 पर्यंत आपल्या सैन्यात टोकदार, हलकी गोळी आणली. टोकामुळे हवेचा विरोध घटला, हलकेपणामुळे वेग वाढला, आणि पल्ला वाढूनही गोळीचा मार्ग सपाट राहिला. अमेरिकेचे जेमतेम दोन वर्षांचे काडतूस शिळे झाले. मग 1906 मध्ये त्याच पुंगळीची मान मिलिमीटर-दीड मिलिमीटरने कापली, तिच्यात 150 ग्रेनची टोकदार गोळी बसवली, आणि वेग सेकंदाला 700 मीटरवरून 820 च्या पुढे गेला. तयार रायफली परत मागवून त्यांच्या नळ्या मागच्या टोकाला किंचित आखूड केल्या आणि काडतुसाचे घर नव्याने कोरले. खाचांचा फेरा मात्र होता तसाच राहिला.

माझ्या मते या काडतुसाचे सगळे मोठेपण या घाईत आहे. पुंगळी आणि खाचा जड गोळीसाठी आखलेल्या, गोळी आयत्या वेळी हलकी आलेली. म्हणून नळीला दोन्ही झेपू लागल्या. 150 ग्रेनची गोळी घाला, माळावरच्या हरणासाठी सपाट मार्ग मिळतो. 180 ची घाला, एल्कच्या खांद्यातून खोल जाणारे वजन मिळते. 220 ची जुनी गोळीही चालतेच. एखाद्या हुशार रचनाकाराने बसून सर्वगुणी काडतूस आखले असते तर त्याला याहून फार वेगळे करता आले असते असे मला वाटत नाही.

शिकारीत ते रूझवेल्टनेच नेले. अध्यक्षपद सोडल्यावर 1909 मध्ये तो स्मिथसोनियन संग्रहालयासाठी प्राणी गोळा करायला आफ्रिकेत गेला, तेव्हा शिकारी दस्ता बसवलेली स्प्रिंगफील्ड त्याच्यासोबत होती. पहिल्या महायुद्धानंतर लाखो जवान घरी परतले ते या काडतुसाची ओळख हातात घेऊनच. 1925 मध्ये विंचेस्टरने 1903 च्याच पुंगळीची मान आवळून टू-सेव्हन्टी काढले. त्याच घराण्यातून पंचवीस-शून्य-सहा, टू-एटी, थर्टी-फाइव्ह व्हेलन अशी भावंडे निघाली.

मात्र लढाईतली गोळी शिकारीला चालत नाही. पूर्ण धातूचे कवच असलेली सैनिकी गोळी सावजातून आरपार निघून जाते आणि जखमी जनावर दूरवर जाऊन तडफडत मरते. कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात नाक उघडे ठेवलेली, आत जाऊन फुलणारी गोळी तयार झाली, आणि 1899 च्या हेग परिषदेत युद्धात माणसावर ती वापरायला मनाई झाली. जनावराच्या बाबतीत नियम बरोबर उलटा आहे. कोलोरॅडोत रायफलीने हरीण किंवा एल्क मारायचे तर गोळी फुलणारीच हवी, आणि हरणाला किमान 70 ग्रेनची तर एल्कला किमान 85 ग्रेनची. माणसाला जिवंत राहण्याची संधी द्यायची आणि जनावराला लवकर मरण द्यायचे, असा हा विचार आहे. मला दोन्ही बाजू पटतात.

एल्कसाठी अजून एक अडचण होती. फुलणारी गोळी जाड हाडावर किंवा चिखलाने माखलेल्या कातड्यावर वरच्यावर फुटून जाई. 1946 मध्ये जॉन नॉस्लर यांना ब्रिटिश कोलंबियात मूस या थोराड हरणाच्या शिकारीत नेमका हा अनुभव आला. त्यांनी गोळीच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूची आडवी भिंत ठेवली. पुढचा भाग फुलतो, मागचा अखंड राहून आत शिरतो. अशा गोळीमुळे मध्यम ताकदीच्या काडतुसालाही एल्क पेलू लागला.

त्याहून जोरकस मॅग्नम काडतुसे पुष्कळ आहेत, पण त्यांचा खांद्यावरचा धक्काही तेवढाच मोठा. धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो आणि नेम चुकतो. हरणाच्या फुप्फुसांऐवजी पोटात लागलेली मोठी गोळी लहान गोळीपेक्षा दयाळू नसते. म्हणून निवडताना गोळीचा आकडा मोजण्याआधी आपला खांदा किती सोसतो ते मोजावे, असे मला कळकळीने वाटते.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीचा अध्याय मिटला, आणि तो मिटला हे उत्तम झाले. अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्कची संख्या लाखाच्या आत आली होती. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर (आज 11 टक्के) वन्यजीवांसाठी राखून ठेवला. आज तिथे दहा लाखांच्या आसपास एल्क आहेत.

ऑक्टोबरच्या सुमारास तिथल्या दुकानांच्या फळीवर तीस-शून्य-सहाचे दोन डबे शेजारी शेजारी दिसतात, 150 चा आणि 180 चा. रायफल एकच असली तरी दोन्ही गोळ्या एकाच ठिकाणी लागत नाहीत. म्हणून हरणाचा हंगाम संपवून एल्ककडे वळणारा शिकारी आधी मैदानावर जातो, शंभर यार्डांवर कागद लावतो आणि जड गोळीचे तीन बार टाकून दुर्बिणीचा स्क्रू दोन-चार खटके फिरवतो.