मुस्लिम स्त्रीचा आधार : एक ऐतिहासिक आढावा

पैनगंगेच्या काठच्या आपल्या उमरखेड परिसरात मुलीचे लग्न ठरले की मंडप, दावत आणि दागिने यांची चर्चा महिनाभर चालते. परंतु निकाहनाम्यात मेहरची रक्कम किती लिहावयाची, ती केव्हा द्यावयाची, हा प्रश्न पाच मिनिटांत उरकला जातो. पुष्कळदा नवरीच्या आईलाही तो आकडा ठाऊक नसतो. पुढे दुर्दैवाने संसार मोडला, तर ह्या पाच मिनिटांची किंमत लेकीला जन्मभर मोजावी लागते.

इस्लामने स्त्रीला मेहर, वारसा आणि खुला हे हक्क सातव्या शतकातच दिले, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते सत्य आहे. परंतु दिलेला हक्क व हाती पडलेला हक्क यांत अंतर राहिले. ते अंतर कमी करण्याचे प्रयत्न कसकसे झाले, हे आपल्या पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घेतले पाहिजे.

इंग्रजी अमदानीत पती बेपत्ता झाला किंवा खावटी देईनासा झाला, तरी हनफी मताप्रमाणे पत्नीची सुटका होणे फार कठीण होते. काही स्त्रियांनी त्यापायी धर्मही सोडला. तेव्हा मौलाना अशरफ अली थानवी यांनी मालिकी मताचा आधार घेऊन वाट दाखविली, आणि १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. पती चार वर्षे बेपत्ता असेल अथवा दोन वर्षे पोटगी देत नसेल, तर पत्नीला न्यायालयातून मोकळे होता येऊ लागले. धर्माच्या चौकटीत राहूनच हे घडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत हमीद दलवाई यांनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा विधानभवनावर नेला. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले. दलवाईंची सर्व मते आपल्यापैकी अनेकांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. परंतु तोंडी तलाकने उघड्यावर पडणाऱ्या स्त्रियांचे दुःख खोटे होते, असे कोण म्हणेल? त्यांना रस्त्यावर यावे लागले, कारण घरात आणि जमातीत त्यांचे ऐकणारे कोणी नव्हते.

पुढे इंदूरच्या शाहबानो ह्या वृद्धेला कनिष्ठ न्यायालयाने दरमहा २५ रुपये पोटगी दिली, उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. त्यावर देशभर वादळ उठले व १९८६ चा कायदा आला. वादळ सर्वांना आठवते. परंतु त्या कायद्याने निराधार घटस्फोटितेची जबाबदारी तिच्या वारस नातेवाइकांवर व शेवटी वक्फ बोर्डावर टाकली आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? इद्दतीच्या काळातच पतीने तिच्या पुढील आयुष्याची वाजवी तरतूद केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली स्पष्ट केले. २००२ साली औरंगाबाद खंडपीठाने, योग्य कारण व दोन्ही घरच्या मध्यस्थांचा समेटाचा प्रयत्न यांवाचून दिलेला तलाक मानता येणार नाही, असा निर्णय दिला. मध्यस्थांची ही शिकवण तर कुरआन शरीफचीच आहे. २०१७ साली एका दमात दिलेला तीन तलाक रद्द ठरला व २०१९ साली तो गुन्हा झाला.

वाचकहो, कायदे झाले. तथापि कोर्टाची पायरी ही शेवटची पायरी होय. पहिली पायरी घराची, दुसरी जमातीची आणि तिसरी शाळेची आहे. भांडण विकोपाला जाण्यापूर्वी दोन शहाणी माणसे मध्ये बसावीत. मेहर ऐपतीप्रमाणे ठरावा आणि खरोखरच दिला जावा. माहेरी परतलेल्या लेकीला ओझे मानू नये. तिला शिवणकाम, डी.एड., नर्सिंग, जे जमेल ते शिकू द्यावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सातवी-आठवीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढू नये. निकाहनामा पुढे येईल तेव्हा त्यातील प्रत्येक ओळ तिने स्वतः वाचावी आणि मगच सही करावी. एवढे साधले, तरी आपल्या शाळांनी आपले काम केले असे म्हणता येईल.