सुला : एका शेताचं नाव

नोकरीमुळे नाशिककर झालो, म्हणून इथल्याच एका शेताचा इतिहास लिहितो. विषय वाइनचा आहे. गुरुजनांनी रागावू नये, मला सांगायचंय ते नावाबद्दल.

गंगापूर धरणाजवळ सामंत कुटुंबाची सुमारे तीस एकर जमीन होती. राजीव सामंत स्टॅनफर्डला शिकले आणि अमेरिकेतली ओरॅकलची नोकरी सोडून १९९०च्या दशकात परतले. आधी त्यांनी इथे आंबा लावून पाहिला, खायची द्राक्षंही केली. मग कॅलिफोर्नियाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या मदतीने १९९७ च्या सुमारास वाइनच्या द्राक्षांची लागवड झाली. २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं आणि या धंद्याला बळ मिळालं.

‘सुला’ हे नाव परदेशी वाटतं. पण राजीव यांच्या आईचं नाव सुलभा. त्यावरून ते आलं.

मित्रहो, आपण कापसाच्या गावचे. १८७० मध्ये जलंब–खामगाव रेल्वे झाली ती कापसासाठीच. गाठी मुंबईला आणि तिथून विलायतेला गेल्या. कापडावर नाव लागलं ते गिरणीचं. आपल्या चांदीचं तसं झालं नाही. घडणावळ गावात राहिली, म्हणून खामगाव ‘रजतनगरी’ झालं. जिथे वस्तू तयार होते, तिथलं नाव तिला लागतं.

कापसाचं तेवढं राहिलंय. शेती-जिनिंगमधल्या वर्गमित्रांनी मनावर घ्यावं.