दोऱ्यांवर मोजलेला पर्वत

पर्वताचे वय विचारले तर भूगर्भशास्त्रज्ञ लाखांच्या आणि कोटींच्या हिशेबात उत्तर देतात. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या शिलारसाचा आहे, असे ते सांगतात आणि आपण मान डोलावतो. कारण तो जन्म पाहावयास कोणी माणूस हजर नव्हता. जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटावर मात्र असा एक पर्वत आहे, की ज्याच्या जन्माची कहाणी महिन्यामहिन्याने सांगता येते. शोवा-शिन्झान हे त्याचे नाव. शोवा राजवटीतील नवा पर्वत, असा त्याचा अर्थ. १९४३ च्या अखेरीस त्या जागी शेते आणि वस्ती होती. १९४५ च्या सप्टेंबरात तेथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीचा, वाफा सोडणारा डोंगर उभा होता.

या जन्माची सलग नोंद आपल्यापर्यंत पोहोचली, ती कोणा विद्यापीठामुळे नव्हे किंवा सरकारी खात्यामुळेही नव्हे. ती ठेवली सोबेत्सु नावाच्या गावाच्या पोस्टमास्तरांनी. त्यांचे नाव मासाओ मिमात्सु. विज्ञानाच्या इतिहासात अशी माणसे बहुधा तळटीपेत राहतात. आम्ही येथे त्यांना मुख्य मजकुरात आणू इच्छितो.

तोया सरोवराच्या दक्षिण काठावर उसु हा ज्वालामुखी आहे. १६६३ पासूनच्या त्याच्या उद्रेकांच्या नोंदी सापडतात. १८२२ साली तप्त राख आणि वायू यांचा लोट त्याच्या उतारावरून धावला आणि पायथ्याच्या वस्तीचा त्याने घास घेतला. तरीही या पर्वताविषयी तेथील लोक म्हणतात, की उसु खोटे बोलत नाही. या म्हणण्यामागे अनुभव आहे. उसुच्या पोटातील शिलारस घट्ट व चिकट आहे. तो सहजासहजी वाहत नाही. वरचा खडक रेटीत, फोडीत तो वर सरकतो. त्यामुळे उद्रेकापूर्वी भूकंपाचे धक्के जाणवू लागतात. कधी काही तास, कधी काही दिवस, तर कधी काही महिने आधी पर्वत दार ठोठावतो. प्रश्न एवढाच, की ते ठोठावणे ऐकणारा आणि ध्यानात ठेवणारा कोणी आहे काय?

१९१० साली असा एक ऐकणारा निघाला. त्या जुलैत धक्के वाढू लागले, तेव्हा जवळच्या मुरोरान शहरातील पोलीस प्रमुखाने उद्रेकाची वाट न पाहता सुमारे १५,००० लोकांना पर्वतापासून दूर हलविले. भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांचे व्याख्यान त्याने पूर्वी ऐकले होते व ते त्याच्या लक्षात राहिले होते. २५ जुलै रोजी उद्रेक झाला. त्यानंतर खुद्द ओमोरी तोक्योहून भूकंपमापक यंत्र घेऊन उसुला आले. उद्रेकाच्या काळात पर्वताच्या पोटात जी अखंड थरथर चालते, तिची नोंद त्यांनी त्या यंत्रावर केली. सरोवराकाठची जमीन फुगून सुमारे दीडशे मीटर वर आल्याचेही त्या वर्षी दिसून आले. या कामी ओमोरींना वाट दाखविणारा आणि हाताखाली राबणारा एक स्थानिक तरुण होता. १८८८ साली जन्मलेले मिमात्सु ते हेच. त्यांचे वय तेव्हा बावीस वर्षांचे होते. भूगर्भशास्त्राचे जे शिक्षण त्यांना मिळाले, ते या डोंगरवाटांवर. पर्वताकडे कसे पाहावे, काय टिपावे आणि धीर कसा धरावा, हे त्यांनी गुरूच्या मागे चालता चालता आत्मसात केले.

त्यानंतर तेहतीस वर्षे गेली. मिमात्सु सोबेत्सुचे पोस्टमास्तर झाले होते. २८ डिसेंबर १९४३ रोजी उसुच्या परिसरात पुन्हा धक्के सुरू झाले. काही दिवसांतच पूर्वेकडील पायथ्याची शेते वर उचलली जाऊ लागली. जमिनीला भेगा पडल्या, रस्ते वाकले, घरे कलली. तेथून जाणारा लोहमार्ग लोखंडाचे खनिज मुरोरानच्या पोलाद कारखान्यांकडे नेत असे. तो पुनःपुन्हा वाकडा होई आणि पुनःपुन्हा दुरुस्त करावा लागे.

काळ महायुद्धाचा होता. जपानचे सामर्थ्य पणाला लागले होते. आधीच भेदरलेल्या जनतेत आणखी घबराट पसरू नये, म्हणून या घडामोडींची बातमी दडपून ठेवण्यात आली. ज्यांच्या पायांखालची जमीन उचलली जात होती, त्यांना ती दिसत होतीच. उर्वरित देशाला मात्र तिचा पत्ता नव्हता. तोक्यो आणि होक्काइदो येथील काही शास्त्रज्ञ अधूनमधून येऊन गेले आणि त्यांनी मोलाची निरीक्षणेही केली. तथापि युद्धाच्या धामधुमीत कोणालाही महिनोन् महिने तेथे मुक्काम करणे शक्य नव्हते. पर्वताचा जन्म तर रोज चालू होता. जो रोज तेथे असेल, त्यालाच तो दिसणार होता.

पोस्टमास्तर रोज तेथे होते. त्यांनी नोंदी सुरू केल्या. जाणवलेले धक्के ते मोजीत. उद्रेकाच्या तोंडावर तर दिवसाला शंभराहून अधिक धक्के बसत. जमीन कोठे किती चढली, धूर कोठून निघाला, आवाज कसे झाले, हे सारे ते लिहून ठेवीत. २३ जून १९४४ रोजी शेतातूनच पहिला स्फोट झाला. राख आणि चिखल यांचा वर्षाव झाला. असे स्फोट ऑक्टोबरच्या अखेरपर्यंत होत राहिले. नंतर ते थांबले आणि फुगलेल्या जमिनीला भेदून घट्ट शिलारसाचा एक घुमट हळूहळू वर येऊ लागला. रात्री त्याच्या भेगांतून लाल प्रकाश दिसे.

आता या वाढीचे मोजमाप करावे कसे? मोजणीची उत्तम यंत्रे हाताशी नव्हती. छायाचित्रणाची फिल्म मिळणे दुरापास्त होते. कागदाचीही टंचाई होती. मिमात्सुंनी जो उपाय काढला, तो इतका साधा आहे की शाळेतील मुलालाही तो समजावा. पोस्ट कार्यालयाच्या मागे, जेथून तो भाग स्पष्ट दिसे, तेथे त्यांनी खांब रोवले आणि त्यांच्यामध्ये आडवे दोरे ताणले. दोरे म्हणजे गळाला बांधतात तसला तंगूस. दोऱ्यांच्या अलीकडे हनुवटी टेकविण्यासाठी एक आधार पक्का बसविला. त्यावर हनुवटी टेकली, की डोळा रोज त्याच जागी आणि त्याच उंचीवर येई. मग दोऱ्यांच्या रेषांमधून समोर पाहावयाचे. कागदावरही तशाच आडव्या रेषा आखलेल्या असत. पर्वताची कड कोणत्या दोऱ्याला कोठे छेदते, ते पाहून तीच कड कागदावर उतरवावयाची. काही दिवसांनी पुन्हा तेच. दोरे तेच, डोळा तोच, जागा तीच. बदलत होता तो फक्त पर्वत.

येथे एक गोष्ट आम्ही वाचकांच्या ध्यानात आणून देऊ इच्छितो. एकच चित्र कितीही सुबक असले, तरी त्यावरून वाढ समजत नाही. वाढ समजते ती दोन चित्रांमधील अंतरावरून, आणि ते अंतर खरे मानावयाचे तर पाहणाऱ्याने आपली जागा हलविता कामा नये. घरोघरी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची खुणेने नोंदवितात, तिचे तत्त्व हेच. चौकट स्थिर असते, म्हणूनच मूल किती वाढले ते कळते. मिमात्सुंनी दोऱ्यांची चौकट उभी केली आणि ती महिनोन् महिने जपली. पोस्टाचे काम सांभाळून, युद्धकाळातील टंचाई सोसून, राखेच्या पावसातही त्यांनी हा नेम मोडू दिला नाही.

१९४५ च्या ऑगस्टमध्ये युद्ध संपले आणि सप्टेंबरात पर्वताची वाढ थांबली. मिमात्सुंपाशी तेव्हा एक असा दस्तऐवज तयार झाला होता, की ज्याला जगात तोड नव्हती. एकावर एक काढलेल्या कडांच्या रेषांतून सपाट जमीन आधी पसरट फुगते, त्या फुगवट्याला खांदे फुटतात आणि अखेर घुमट त्यातून डोके वर काढतो, हा सारा क्रम एका दृष्टिक्षेपात दिसतो. हिदेझो तानाकादाते या भूगोलज्ञांनी त्याचे मोल ओळखले. त्यांच्या पुढाकाराने १९४८ साली नॉर्वेतील ऑस्लो येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत तो आलेख सादर झाला आणि 'मिमात्सु आलेख' या नावाने जगभरच्या ज्वालामुखी-अभ्यासकांत मान्यता पावला. नोंद करणाऱ्याचे नाव नोंदीला मिळाले. जो पराभूत देश त्या वेळी जगापुढे मान खाली घालून उभा होता, त्याच्या एका खेडेगावातून आलेला हा कागद विद्वानांनी आदराने स्वीकारला.

मिमात्सुंची दुसरी कृती तितकीच विलक्षण आहे. ज्या शेतकऱ्यांची शेते पर्वताने गिळली, त्यांच्यापाशी आता नांगरता न येणारा एक धगधगता डोंगर उरला होता. शिवाय गंधक काढण्यासाठी कोणी तो पोखरील, ही भीती होतीच. १९४६ साली मिमात्सुंनी २८,००० येन मोजून ती जमीन विकत घेतली. पोस्टमास्तरांनी पर्वत विकत घेतला, असे ऐकून कोणास हसू येईल. पण या खरेदीने एकाच वेळी दोन गोष्टी साधल्या. उघड्यावर पडलेल्या शेतकऱ्यांना हातभार लागला आणि पर्वत अभंग राहिला. पुढे १९४९ साली हा सारा प्रदेश शिकोत्सु-तोया राष्ट्रीय उद्यानात आला. १९५७ साली जपान सरकारने शोवा-शिन्झानला विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा दिला. तो पर्वत खासगी मालकीचा असूनही कोट्यवधी पर्यटकांनी तो पाहिला आहे.

१९७७ च्या ऑगस्टमध्ये उसु पुन्हा जागा झाला. मिमात्सु तेव्हा ८९ वर्षांचे होते. एकाच माणसाने एकाच पर्वताचे तीन उद्रेक पाहिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचे देहावसान झाले.

येथे हा लेख संपविता आला असता. परंतु आमच्या मते या कथेचे खरे मोल २००० साली कळले. त्या वर्षी २७ मार्च रोजी उसुखाली धक्के सुरू झाले. होक्काइदो विद्यापीठाची वेधशाळा तेथे १९७७ पासून होती आणि प्राध्यापक हिरोमु ओकादा व त्यांचे सहकारी या पर्वताचा स्वभाव ओळखून होते. लगतच्या गावांनी १९९५ सालीच धोक्याच्या क्षेत्रांचा नकाशा तयार करून लोकांपर्यंत पोहोचविला होता. २९ मार्च रोजी काही दिवसांत उद्रेक होण्याचा इशारा देण्यात आला आणि दहा हजारांहून अधिक लोकांनी घरे सोडली. ३१ मार्चला दुपारी उद्रेक झाला. घरे, रस्ते, शाळा यांची अपरिमित हानी झाली. मात्र एकही माणूस दगावला नाही.

हे यश एकट्या मिमात्सुंचे, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ते यंत्रांचे, शास्त्रज्ञांचे, गावच्या कारभाऱ्यांचे आणि वेळेवर घर सोडणाऱ्या सामान्य कुटुंबांचेही आहे. तथापि इशारा मिळाला म्हणजे लोक उठतातच, असे नाही. पुष्कळ ठिकाणी ते हसतात, वाट पाहतात, गुरेढोरे आणि सामानसुमान सोडवत नाही म्हणून थांबतात. येथे ते उठले, कारण पर्वत आधी सांगतो हे त्यांना कोणी बाहेरच्याने येऊन शिकवावे लागले नाही. त्यांच्या आजोबांनी ते भोगले होते आणि त्यांच्याच गावच्या पोस्टमास्तरांनी ते लिहून ठेवले होते. १९४४ मध्ये जी बातमी दडपली गेली, ती पुढे शाळांत, घरांत आणि नकाशांवर उघडपणे सांगितली गेली. दडपलेल्या बातमीने कोणाचा जीव वाचत नाही. जपलेल्या नोंदीने वाचू शकतो.

अशा माणसांना आपण मराठीत 'हौशी' म्हणतो. या शब्दाला थोडा थट्टेचा वास येतो, जणू ते फावल्या वेळेचे काम. पण 'हौसेला मोल नाही' असेही आपलीच भाषा सांगते. त्या म्हणीचा रूढ अर्थ असा, की हौसेपायी माणूस पदरमोड करताना मागेपुढे पाहत नाही. मिमात्सुंनी ती पदरमोड केलीच. परंतु दोऱ्यांमागे उभे राहून त्यांनी काढलेल्या त्या रेषांकडे पाहिले, म्हणजे म्हणीचा दुसराही अर्थ मनात येतो. त्या कामाचे मोल करता येईल असे नाणे त्या युद्धकाळात कोणाजवळही नव्हते.

आज शोवा-शिन्झानची उंची ३९८ मीटर आहे. त्याच्या तांबूस अंगावरून अजून वाफा निघतात. पायथ्याशी मिमात्सुंचा पुतळा आहे. तो पर्वताकडे तोंड करून उभा आहे.