एअरसॉफ्ट खेळायला सुरुवात करताय? संरक्षक साहित्य काय घ्यावे, कशावर पैसे घालवू नयेत

एअरसॉफ्ट हा मूळचा जपानमधला खेळ, १९७० च्या दशकात सुरू झालेला. स्प्रिंग, बॅटरी किंवा गॅसवर चालणाऱ्या बंदुकीतून ६ मिलिमीटर व्यासाच्या प्लास्टिकच्या गोळ्या एकमेकांवर झाडायच्या, आणि ज्याला लागेल त्याने प्रामाणिकपणे हात वर करून बाद व्हायचे. आपल्याकडे बहुतेक मुलांची या खेळाशी ओळख मोबाइलवरच्या लढाईच्या गेममधून किंवा सहलीत खेळलेल्या पेंटबॉलमधून होते. मग कोणीतरी ऑनलाइन बंदूक मागवतो, कोणी जत्रेतून आणतो, आणि सुट्टीच्या दिवशी सड्यावर किंवा एखाद्याच्या कलमांच्या बागेत दोन संघ पडतात. तिथे पंच नसतो, आणि चष्मा घातल्याशिवाय आत सोडणार नाही असे सांगणारा कोणी मोठा माणूसही नसतो. त्यामुळे नियमही तुम्हीच करायचे आणि साहित्यही तुम्हीच निवडायचे.

हा खेळ खेळूच नका असे मी सांगणार नाही. मुले मैदानात पळत आहेत याचा डॉक्टर म्हणून मला आनंदच आहे. पण खिशात हजार रुपये असतील, तर त्यातले पहिले पाचशे डोळ्यांवर खर्च करा.

गोळी छोटी, मग एवढी भीती कशाला?

त्वचेवर ही गोळी लागली तर लाल वळ उठतो, चुरचुरते आणि दोन दिवसांत विसरायला होते. डोळ्याचे तसे नाही. डोळ्याभोवती हाडाची खोबण असते आणि मोठा चेंडू आला तर हे हाड बराच मार स्वतःवर घेते. ६ मिलिमीटरची गोळी मात्र हाडाला न शिवता सरळ बुबुळावर येऊन आदळते.

थोडे गणित करू. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०७ मीटर वेगाने (बंदुकीच्या खोक्यावर हे ३५० एफपीएस असे लिहिलेले असते) निघाली, तर तिची ऊर्जा साधारण १.१ ज्यूल भरते. जत्रेतल्या स्वस्त खेळण्यात हा आकडा बराच कमी, पेंटबॉलमध्ये दहा ज्यूलच्या आसपास. १.१ ज्यूल हाताला काही करत नाही. डोळ्यात मात्र एवढ्याने आतली रक्तवाहिनी फुटू शकते, भिंगाला इजा होऊन ऐन तारुण्यात मोतीबिंदू होऊ शकतो, मागचे दृष्टिपटल सुटू शकते. हलक्या वस्तूने काय होते याचे उदाहरण क्रिकेटवेड्या वाचकांना आठवत असेल. दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक मार्क बाउचर जुलै २०१२ मध्ये टाँटनला खेळत असताना यष्टीवरची बेल उडून त्याच्या डोळ्यात गेली. त्या वेळी त्याने हेल्मेट घातलेले नव्हते. त्या एका बेलने त्याची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, कारण मुले यात गल्लत करतात. जत्रेत फुगे फोडायला असते ती छर्र्याची बंदूक, म्हणजे एअरगन. तिच्यात शिशाचे छर्रे असतात आणि ती माणसावर चालवायची वस्तूच नाही. तिच्यापुढे कुठलाही चष्मा पुरेसा समजू नका. एअरसॉफ्टच्या बंदुकीत धातूच्या गोळ्या भरणे हाही तसलाच आचरटपणा. खेळात अशी बंदूक कोणी आणली तर त्या दिवशी खेळ बंद.

डोळ्यांसाठी काय घ्यावे

काय चालत नाही ते आधी सांगतो. उन्हाचा गॉगल चालत नाही. तो फुटला तर त्याचेच तुकडे डोळ्यात जातात. नंबरचा रोजचा चष्मा, पोहण्याचा गॉगल, शाळेच्या प्रयोगशाळेतला शिंतोड्यांपासून वाचवणारा पातळ चष्मा हेही नाही. कॉन्टॅक्ट लेन्सला संरक्षण समजू नका. काहींना वाटते क्रिकेटचे हेल्मेट घातले की झाले. पण त्याची जाळी चेंडू अडवण्यासाठी केलेली असते आणि ६ मिलिमीटरची गोळी त्या फटीतून आरामात आत येते.

हवा आहे तो पॉलिकार्बोनेटच्या काचेचा, कडेने चेहऱ्याला बसणारा आणि मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला सेफ्टी गॉगल. तो 'टॅक्टिकल' नावाने ऑनलाइन विकत घेण्याची गरज नाही. कारखान्यांना आणि वर्कशॉपना माल पुरवणाऱ्या हार्डवेअरच्या दुकानात तोच दर्जा निम्म्या किमतीत मिळू शकतो. फक्त त्यावरच्या खुणा वाचायला शिका.

काचेवर किंवा चौकटीवर 'झेड८७+' असे इंग्रजीत कोरलेले असेल तर तो अमेरिकी मानकाच्या जोरदार आघाताच्या चाचणीतून गेलेला आहे. यातला अधिकचे चिन्ह महत्त्वाचे आहे. नुसते 'झेड८७' म्हणजे साधी चाचणी. युरोपीय मानक 'ईएन १६६' असेल तर शेजारचे अक्षर बघा. 'एफ' म्हणजे ६ मिलिमीटरची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून केलेली चाचणी. तिची ऊर्जा ०.९ ज्यूलच्या आत येते, म्हणजे वर सांगितलेल्या बंदुकीपेक्षा कमीच. 'बी' या अक्षराची चाचणी १२० मीटर वेगाने होते आणि ती सहा ज्यूलच्या वर जाते. म्हणून शक्य असेल तर 'बी' घ्या. कडेने उघडे असलेले साध्या चष्म्यासारखे प्रकार बहुधा 'एफ' असतात. ते दिसायला छान आणि स्वस्त असले तरी बाजूने येणारी गोळी अडवत नाहीत. आपल्याकडच्या मालावर आयएसआय चिन्हाबरोबर 'आयएस ५९८३' हा क्रमांक दिसेल. तो असणे चांगलेच, पण आघाताची श्रेणी वेगळी विचारा. कसलीच खूण नसेल तर दुकानदाराने कितीही शपथा घेतल्या तरी परत ठेवा.

पाच-सहा मित्र मिळून घेत असाल तर एक गॉगल जास्तीचा घ्या आणि त्याचा बळी द्या. पुठ्ठ्याच्या खोक्याला तो बांधा, तुमच्यातली सर्वांत जोरदार बंदूक घ्या आणि दोन-तीन फुटांवरून पाच-सहा गोळ्या मारा. मारणाऱ्याने आणि बघणाऱ्यांनी स्वतःचे गॉगल घातलेले असले पाहिजेत. गोळी उसळून परत येते. काचेला तडा गेला किंवा ती चौकटीतून सुटली, तर सगळेच गॉगल परत करा.

नंबरचा चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारा मोठा गॉगल घ्यावा. चष्मा काढून खेळणे हा उपाय नव्हे. समोरचे नीट न दिसणारा मुलगा आधी कातळावर आपटतो.

वाफ धरण्याचा प्रश्न

कोकणात राहणाऱ्याला हा प्रश्न पुण्या-नाशिकच्या मुलांपेक्षा जास्त सतावतो. आपल्या दमट हवेत पाच मिनिटे पळले की गॉगल आतून धूसर होतो. मग मुलगा काय करतो? झाडाआड बसून गॉगल कपाळावर सरकवतो आणि शर्टाने पुसतो. माझ्या मते सगळ्यात मोठा धोका या दहा सेकंदांत आहे. चांगला गॉगल विकत घेऊनही डोळा उघडाच.

म्हणून हवेसाठी आडवळणाची छिद्रे असलेला आणि आतून वाफ न धरणारा लेप असलेला गॉगल निवडा. असा लेप नसेल तर भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब आतून बोटाने पसरा, वाळू द्या आणि मऊ सुती कापडाने हलकेच पुसा. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव कधीही लावू नका. पॉलिकार्बोनेटला त्याने बारीक भेगा पडतात आणि वरून काही दिसत नाही. खोल ओरखडे पडलेला गॉगल बदला.

काही जण वाफेचा त्रास टाळण्यासाठी तारेच्या जाळीचे गॉगल वापरतात. हलक्या प्रतीची गोळी जांभ्या दगडावर किंवा जाळीवर आपटून फुटते आणि तिचे कण जाळीतून आत जातात. म्हणून मी जाळी डोळ्यांसाठी सुचवत नाही. गाल, नाक आणि तोंड झाकायला मात्र जाळीचा अर्धा मुखवटा उत्तम.

आणि एक पक्का नियम करा: सीमारेषेच्या आत गॉगल काढायचा नाही. काही दिसेनासे झाले तर हात वर करा, 'बाद' म्हणा आणि बाहेर या. बघायला आलेल्या धाकट्या भावंडांनाही हाच नियम. ज्याच्याकडे गॉगल नाही, त्याने लांब, आडोशाला थांबावे.

बाकीच्या अंगासाठी

डोळ्यांनंतर दात. पुढचा दात तुटला तर तो परत उगवत नाही आणि दातांच्या डॉक्टरांचे बिल तुमच्या सगळ्या साहित्यापेक्षा मोठे होते. जाळीचा मुखवटा परवडत नसेल तर गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसवायचा माउथगार्ड घ्या. खेळाच्या दुकानात तो दोन-तीनशे रुपयांत मिळतो. पक्का दात मुळासकट निघालाच, तर तो मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरा, थंड दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा.

अंगात पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट, जुनी जीन्स, गळ्याभोवती पंचा किंवा रुमाल, डोक्याला टोपी आणि हातात बाइकचे जुने हातमोजे. हे सगळे घरातच मिळते. गुडघ्यांसाठी स्केटिंगचे पॅड कोणाकडे तरी पडलेले असतात, ते मागून घ्या. जांभ्यावर गुडघा घासला की कातडी सोलून निघते आणि त्यात माती भरते. १० आणि १६ व्या वर्षीची टीडीची लस झाली आहे का, तेही आईला विचारून ठेवा.

बूट हा माझा आग्रहाचा विषय. सड्यावर चपलेने किंवा उघड्या सँडलने खेळू नका. कातळावरच्या दगडांखाली फुरसे असते, पाचोळ्यात इंगळी असते. याच कोकणपट्टीत महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी इंगळीच्या विषावर प्राझोसिनचा उपचार रुजवला आणि असंख्य जीव वाचले. पण घोटा झाकणारा बूट आणि जाड मोजा असेल तर तिथवर जायची वेळच सहसा येत नाही. लपताना दगडाच्या सांदीत हात घालू नका. बागेत खेळायचे तर मालकाला विचारा, आणि फवारणी कधी झाली तेही विचारा. मोहराच्या दिवसांत नुकतीच औषधे मारलेल्या कलमांखाली लोळणे अंगाशी येते.

टॅक्टिकल जॅकेट, लष्करी छापाचे कपडे, प्लास्टिकचे नकली हेल्मेट, कोपराचे भारी पॅड यांवर पहिल्या वर्षी एक रुपया घालवू नका. गॉगल तीन ते पाचशे, जाळीचा मुखवटा साधारण तेवढाच, माउथगार्ड दोन-तीनशे, बाकीचे घरचे. हजार-बाराशेत सुरुवात होते. बंदूक खेळणे म्हणून विकली जात असेल तर तिच्यावर आयएसआय चिन्ह बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते सक्तीचे आहे. खोक्यावर '१८+' असेल तर ते खेळणे नव्हे, आणि आईवडिलांना न सांगता मागवायची वस्तूही नव्हे. अशी बंदूक हातात घेऊन भाट्ये किंवा मांडवीच्या किनाऱ्यावर फिरू नका. लांबून ती खरी वाटते. ने-आण पिशवीतूनच करा.

एवढे कपडे घालून आपल्या हवेत पळायचे म्हणजे ऊन लागण्याचा धोका असतोच. सकाळी दहाच्या आत खेळ संपवा आणि मीठ घातलेले कोकम किंवा लिंबू सरबत बरोबर ठेवा. डोके दुखू लागले, मळमळले, पायात गोळे आले की सावलीत.

डोळ्याला लागलेच तर

चोळू नका, दाबू नका, पाण्याचे हबके मारू नका. (नुसती धूळ गेली असेल तर धुणे ठीक, गोळी लागली असेल तर नाही.) गुलाबपाणी, मध किंवा घरात उरलेले कुठलेही थेंब घालू नका. कागदी पेला अर्धा कापून त्याची कड भुवईच्या आणि गालाच्या हाडावर टेकेल असा चिकटपट्टीने लावा, म्हणजे डोळ्यावर दाब येणार नाही. डोके उंच ठेवून बसा. दुखत असेल तर पॅरासिटामॉल चालेल. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन नको, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. खाणेपिणेही थांबवा, भूल द्यावी लागू शकते.

बुबुळासमोर रक्ताची रेघ दिसणे, धूसर दिसणे, एकाचे दोन दिसणे, बाहुलीचा आकार वेडावाकडा होणे, विजेसारखे चमकणे, काळे ठिपके किंवा पडदा सरकल्यासारखे वाटणे, डोकेदुखीबरोबर उलटी: यातले एकही असेल तर त्याच दिवशी, त्याच तासाला नेत्रतज्ज्ञ. जिल्हा शासकीय रुग्णालय गाठा, वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. दृष्टिपटलाची शस्त्रक्रिया लागली तर आंबा घाट ओलांडून कोल्हापूरला किंवा मुंबईला जावे लागू शकते, आणि तिथे प्रत्येक तासाला किंमत असते.

लक्षण काहीच नसेल तरी एक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचून बघा, मग दुसरा. दोन्ही डोळे उघडे असताना एकाची कमी झालेली नजर कळत नाही. मुले इथेच फसतात: घरी ओरडा बसेल, बंदूक जप्त होईल, म्हणून 'धूळ गेली' सांगतात आणि दोन दिवस तसेच काढतात. आईबाबांना माझी विनंती आहे की पहिला प्रश्न 'बंदूक कोणी दिली?' हा नसावा. 'नीट दिसतंय का?' हा असावा.

डोळ्यात रक्त साचले असेल तर पहिल्या पाच दिवसांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती असते. त्या काळात शाळा, सायकल आणि पळणे बंद, झोपताना डोके दोन उशांवर. लाली गेली, दिसायला लागले, म्हणजे प्रकरण संपले असे समजू नका. अशा माराने डोळ्यातले पाणी बाहेर जाण्याचा मार्ग आतून दुखावलेला असू शकतो आणि त्यातून कित्येक वर्षांनी काचबिंदू होतो, तोही न दुखता. त्यामुळे वर्षातून एकदा डोळ्याचा दाब तपासून घ्या, आणि चाळिशीत तपासायला गेलात तरी लहानपणी इथे मार लागला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.