औषधाची ‘सवय’ नेमकी कोणाला होते? बॅक्टेरिया अँटिबायोटिकला पुरून उरतात त्यामागचं गणित

‘सारखं सारखं औषध घेतलं की शरीराला त्याची सवय होते आणि मग ते लागू पडत नाही,’ असं सर्रास म्हटलं जातं. अँटिबायोटिक म्हणजेच प्रतिजैविकांच्या बाबतीत यातला निम्मा भाग खरा आहे. औषध लागू पडेनासं होतं, हे खरंच. पण बदल आपल्या शरीरात झालेला नसतो, तो शरीरातल्या बॅक्टेरियांच्या, म्हणजे जिवाणूंच्या फौजेत झालेला असतो. त्यातही एकेक जिवाणू हळूहळू औषधाला सरावतो असं होत नाही. ज्यांच्यावर औषध चालतं ते मरतात. ज्यांच्यावर चालत नाही ते उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते.

हा नुसता शब्दांचा खेळ वाटेल, पण परिणाम पाहिले तर फरक फार मोठा आहे. सवय शरीराला होत असती तर ती ज्याची त्याच्यापुरती राहिली असती. प्रत्यक्षात औषधाला न जुमानणारे जंतू खोकल्यातून, पाण्यातून, हॉस्पिटलमधल्या हातांवरून दुसऱ्यांपर्यंत पोहोचतात. मग ज्याने ते औषध आयुष्यात एकदाही घेतलेलं नाही, त्याच्यावरही ते चालत नाही. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार लोकांचा मृत्यू थेट अशा प्रतिरोधक जंतूंमुळे झाला, असा अंदाज ‘द लॅन्सेट’मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झाला होता.

आधी औषध की आधी बदल?

आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतो. दरवेळी त्याला आपल्या डीएनएची, म्हणजे सुमारे ४६ लाख अक्षरांच्या मजकुराची, नक्कल करावी लागते. ही नक्कल विलक्षण अचूक असते, तरी साधारण हजार नकलांमागे एखादी चूक होतेच. या चुकीला उत्परिवर्तन किंवा म्युटेशन म्हणतात. बहुतेक चुकांनी काहीच फरक पडत नाही, काहींनी जिवाणूचंच नुकसान होतं. पण जिवाणूंची संख्या कोट्यवधींत असते. एवढ्यांत एखाद्याची चूक नेमकी त्या जागी होते, जिथे औषधाचा वार बसणार असतो.

ही चूक औषध आल्यामुळे होते की आधीच झालेली असते, हा १९४०च्या दशकातला मोठा प्रश्न होता. १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी विषाणूंच्या हल्ल्यातून वाचणाऱ्या जिवाणूंवर प्रयोग करून, बदल आधीच झालेला असतो, असं संख्याशास्त्राने दाखवलं. पण डोळ्यांना पटेल असा पुरावा मिळाला तो १९५२ साली, चक्क मखमलीच्या कापडातून.

अमेरिकेत जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या दांपत्याने एका ताटलीत जिवाणू वाढवले. त्यावर मखमलीचा तुकडा हलकेच दाबला आणि रबरी शिक्का उमटवावा तसा तो दुसऱ्या ताटलीवर उमटवला. दुसऱ्या ताटलीत स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक होतं. तिथे बहुतेक जिवाणू मेले, काही ठिकाणी मात्र ठिपके उगवले. मग त्यांनी मूळ ताटलीतल्या बरोबर त्याच जागांवरचे जिवाणू उचलले. या ताटलीत औषध कधी गेलंच नव्हतं, तरी तिथे प्रतिरोधक जिवाणूंचं प्रमाण जास्त निघालं. हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यावर त्यांच्या हाती असे प्रतिरोधक जिवाणू आले, ज्यांच्या एकाही पूर्वजाची औषधाशी गाठ पडली नव्हती.

म्हणजे औषध प्रतिरोधक जिवाणू घडवत नाही, निवडतं. शेतात एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारल्यावर जे घडतं, तेच इथे घडतं. फक्त इथे पिढी २० मिनिटांची असते.

खरं तर हा झगडा माणसाने सुरूच केलेला नाही. पेनिसिलिन बुरशीपासून मिळालं, स्ट्रेप्टोमायसिन मातीतल्या जिवाणूकडून. सूक्ष्मजीव एकमेकांविरुद्ध ही रसायनं लाखो वर्षांपासून वापरत आले आहेत आणि त्यांवरचे तोडगेही तेवढेच जुने आहेत. कॅनडाच्या युकॉन भागातल्या ३० हजार वर्षं गोठलेल्या मातीत पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांना आणि टेट्रासायक्लिनला निष्प्रभ करणारी जनुकं सापडल्याचं २०११ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं.

जिवाणूंचे तोडगे बरेच आहेत. काही जिवाणू औषधच तोडून टाकणारं एन्झाइम बनवतात. पेनिसिलिनचा रेणू तोडणारं असं एन्झाइम अर्न्स्ट चेन आणि एडवर्ड अब्राहम यांना १९४० साली, म्हणजे पेनिसिलिन रुग्णांना मिळू लागण्याआधीच सापडलं होतं. काही जिवाणू आत शिरलेलं औषध पंपाने उपसून बाहेर टाकतात, काही औषध आत येण्याच्या वाटा अरुंद करतात. काहींमध्ये औषध जिथे चिकटतं ती जागाच किंचित बदलते.

टीबीने शिकवलेलं गणित

ही शेवटची युक्ती किती महागात पडते, ते क्षयरोगाने म्हणजे टीबीने दाखवलं. १९४८ साली ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ५५ रुग्णांना औषध दिलं होतं, ५२ जणांना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे फक्त विश्रांती. ६ महिन्यांत पहिल्या गटातले ४ जण दगावले, दुसऱ्या गटातले १४. टीबीवर औषध सापडलं होतं. पण पुढे औषध घेतलेल्यांपैकी अनेकांची तब्येत पुन्हा ढासळली. त्यांच्या थुंकीतल्या जंतूंवर आता स्ट्रेप्टोमायसिन चालत नव्हतं. ५ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा दोन्ही गटांतला फरक बराचसा पुसला गेला होता.

असं का झालं, हे साध्या आकड्यांत समजतं. टीबीने फुप्फुसात पडलेल्या पोकळीत १० कोटी जंतू सहज असू शकतात. आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू साधारण १० लाखांत एक असतो. म्हणजे उपचार सुरू होण्याआधीच त्या पोकळीत असे १०० जण बसलेले असतात. एकटं आयसोनियाझिड दिलं तर बाकीचे मरतात, रुग्णाला बरं वाटू लागतं आणि या १०० जणांना रान मोकळं मिळतं. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा जंतू आणखी दुर्मीळ, साधारण १० कोटींत एक. आता दोन्ही औषधं एकदम दिली तर दोन्हींतून वाचणारा जंतू १०० लाख कोटींत एक, आणि एका माणसाच्या फुप्फुसात एवढे जंतू मावतच नाहीत.

टीबीचे उपचार एका वेळी तीन-चार औषधांनी सुरू होतात ते याचसाठी. जास्त औषधं म्हणजे जास्त ताकद, असा त्याचा अर्थ नाही. एका औषधातून निसटलेल्याला दुसऱ्याने गाठावं, हा हेतू असतो.

हे गणित कोलमडतं कधी? उपचार फसत असताना त्यात एकच नवं औषध जोडलं तर. जुन्या औषधांना न जुमानणारे जंतू आधीच उरलेले असतात, त्यामुळे त्यांच्यासमोर नवं औषध एकटं पडतं. काही महिन्यांत त्यालाही दाद न देणारे उरतात. मग आणखी एक औषध. अशी एकेक पायरी चढत जंतू वर जातात.

मुंबईत हे घडलेलं आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १०० खासगी डॉक्टरांनी टीबीसाठी ८० वेगवेगळ्या प्रकारे औषधं लिहून दिली होती. सुमारे २० वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीत तीच पाहणी पुन्हा केली. १०६ डॉक्टर, ६३ प्रकारचे उपचार आणि बरोबर चिठ्ठी लिहिणारे फक्त ६. हे आकडे वाचल्यावर ‘रुग्ण गोळ्या अर्धवट सोडतात’ एवढंच म्हणून सगळा दोष रुग्णावर ढकलणं कठीण होतं.

२०११च्या डिसेंबरमध्ये माहीमच्या हिंदुजा हॉस्पिटलमधून याच डॉ. उदवाडियांच्या गटाने ४ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या टीबीवर तपासलेलं एकही औषध चालत नव्हतं. त्यांतल्या तिघांनी १८ महिन्यांत सरासरी चार खासगी डॉक्टर केले होते. पुढच्या टप्प्यातली औषधं त्यांना एकेक करून आणि अनेकदा चुकीच्या प्रमाणात मिळाली होती. वर सांगितलेली पायरी-पायरीची चढण ती हीच. या आजाराला ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ म्हणावं की नाही यावर मग मोठा वाद झाला. केंद्र सरकारने हा शब्द नाकारला, जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीतही तो नव्हता. रुग्णांना त्याने काय फरक पडणार होता, हा भाग वेगळा.

उसनवारीचा रस्ता

टीबीचा जंतू तसा एकलकोंडा. त्याची प्रतिरोधकता त्याच्या वंशातच पुढे जाते. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंचं तसं नसतं. त्यांच्याकडे मुख्य डीएनएशिवाय प्लास्मिड नावाची छोटी वर्तुळं असतात. दोन जिवाणू जवळ आले की एकजण या वर्तुळाची प्रत दुसऱ्याला देऊ शकतो, आणि दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. म्हणजे चूक होण्याची वाट पाहायची गरज नाही, तयार तोडगा शेजाऱ्याकडून मिळतो. एकाच प्लास्मिडवर चार-पाच औषधांवरचे तोडगे असू शकतात. त्यामुळे एका औषधाचा मारा झाला की बाकीच्या औषधांवरची प्रतिरोधकताही फुकटात निवडली जाते.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे एनडीएम-१. २००८ साली भारतीय वंशाचा एक स्वीडिश नागरिक दिल्लीत हॉस्पिटलमध्ये राहून स्वीडनला परतला. त्याच्या लघवीत क्लेबसिएला नावाचा जिवाणू सापडला आणि त्यावर कार्बापेनेम गटातली औषधं चालेनात. ही औषधं एरवी बाकीचे उपाय थकल्यावर काढली जातात. ती तोडणारं नवंच एन्झाइम या जिवाणूकडे होतं. त्याच रुग्णाच्या आतड्यातल्या ई. कोलायकडेही तेच जनुक निघालं. दोन जाती, एकच तोडगा.

एन्झाइमच्या नावात ‘न्यू डेल्ही’ आल्याने भारतात संताप उसळला. नाव बदललं नाही. (नावावरून भांडण, ही या विषयाची जुनी खोड दिसते.) २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये आणि रस्त्यावर, गटारांजवळ साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये हे जनुक आढळलं. प्रश्न हॉस्पिटलच्या भिंतीबाहेर गेला होता. गटारं आणि पिण्याचं पाणी हाही अँटिबायोटिकच्या गोष्टीचाच भाग आहे, हे फारसं बोललं जात नाही.

औषध थांबवलं तर जिवाणू पुन्हा साधे होतात का?

कधीकधी, पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. औषधापासून वाचवणारा बदल अनेकदा जिवाणूला महाग पडतो आणि त्याची वाढ मंदावते. औषध नसताना साधे जिवाणू त्याला मागे टाकू शकतात. पण पुढच्या पिढ्यांत हा तोटा भरून काढणारी दुसरी म्युटेशन होते. रिफॅम्पिसिनला दाद न देणाऱ्या टीबीच्या जंतूंमध्ये अशी भरपाई सापडली आहे.

मग गोळ्यांचा कोर्स पूर्ण करावा का? टीबीत प्रश्नच नाही. काही जंतू सुस्त पडून राहतात आणि ते संपायला महिने लागतात. इतर अनेक आजारांत मात्र ‘जितके जास्त दिवस तितकं चांगलं’ या समजाला आता डॉक्टरच आव्हान देऊ लागले आहेत. कारण औषध फक्त आजाराच्या जंतूपर्यंत जात नाही. ते आतड्यातल्या, त्वचेवरच्या कोट्यवधी निरुपद्रवी जिवाणूंनाही गाठतं आणि तिथेही निवड सुरू होते. म्हणून कोर्सची लांबी आजारानुसार डॉक्टरने ठरवावी, स्वतःहून कमी-जास्त करू नये. विषाणूमुळे होणाऱ्या सर्दीवर अँटिबायोटिक घेतलं तर सर्दीवर परिणाम शून्य, पण आतड्यातली निवड मात्र होते.

भारतात मार्च २०१४ पासून टीबीची औषधं आणि बरीच वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स ‘शेड्यूल एच-१’ मध्ये आहेत. केमिस्टने ती चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि ती ३ वर्षं जपायची, असा नियम आहे. कोंबड्या आणि इतर खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिन वापरण्यावर २०१९ पासून बंदी आहे. टीबीच्या निदानात मोठा फरक पडला तो जीनएक्सपर्ट यंत्रांमुळे. रिफॅम्पिसिन निकामी करणारं म्युटेशन ते सुमारे २ तासांत शोधतं, एरवी जंतू वाढवून तपासायला आठवडे लागत.

नवी औषधंही आली. टीबीवरच्या बेडाक्विलिनला अमेरिकेत २०१२ च्या अखेरीस मंजुरी मिळाली, तेव्हा टीबीसाठी पूर्णपणे नव्या गटातलं औषध यायला सुमारे ४० वर्षं लोटली होती. त्याला पुरून उरणारे जंतूही सापडले आहेत. त्यांतल्या अनेकांमध्ये औषध उपसून टाकणाऱ्या पंपावरचा लगाम सुटलेला असतो. कुष्ठरोगावरच्या क्लोफाझिमिनलाही हाच बदल थोपवतो. संशोधकांनी नंतर जुने नमुने तपासले, तेव्हा ही दोन्ही औषधं घेतल्याची काहीच नोंद नसलेल्या काही रुग्णांच्या जंतूंमध्येही तो आधीपासूनच होता.