भिंतीआडच्या बाटल्या : ब्रुनेल्लो आणि बियोंदी-सांती घराणे

१९४४चा उन्हाळा. इटलीतील आघाडी उत्तरेकडे सरकत होती; जर्मन फौजा माघार घेत होत्या आणि दोस्तांच्या फौजा त्यांच्या मागावर होत्या. तोस्काना प्रांतातील मोंताल्चिनो या डोंगरी गावाजवळ, इल ग्रेप्पो नावाच्या मळ्यावर, तांक्रेदी बियोंदी-सांती यांनी आपल्या तळघरात घाईने एक भिंत उभी केली आणि जुन्या वाइनच्या बाटल्या तिच्याआड चिणून टाकल्या. सैन्य कोणाचेही असो, भरलेले तळघर दिसले की ते रिकामे होणार, एवढे व्यवहारज्ञान त्यांना होते.

(याच उन्हाळ्यात, १० जुलै रोजी, तेथून पूर्वेला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी वाचकाला ही आघाडी ठाऊक असते ती बहुधा त्यांच्यामुळे.)

मित्रहो, आजचा धागा त्या बाटल्यांविषयी. त्यांतील सर्वांत जुन्या १८८८ सालच्या होत्या, म्हणजे तेव्हाच ५६ वर्षांच्या.

एकोणिसाव्या शतकात तोस्कानाची लाल वाइन सहसा तरुणपणीच पिऊन संपवली जाई. अनेक जातींची द्राक्षे, त्यांत पांढरीही, एकत्र मिसळली जात. त्यात सुकवलेल्या द्राक्षांचा रस घालून पुन्हा आंबवण्याची एक पद्धत होती. तिला ‘गोवेर्नो’ म्हणत. तिने वाइन मऊ होई आणि लवकर विकता येई. वर्षानुवर्षे थांबण्याची कल्पना तेथे वेडेपणाची वाटली असती.

मोंताल्चिनोतील औषधशास्त्राचे जाणकार क्लेमेंते सांती यांनी हा वेडेपणा आरंभिला. त्यांच्या १८६५ सालच्या निवडक लाल वाइनला १८६९ मध्ये मोंतेपुल्चानोच्या कृषिप्रदर्शनात पारितोषिक मिळाले आणि त्या नोंदीत ‘ब्रुनेल्लो’ हा शब्द आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘ब्रुनेल्लोचा जन्म १८८८’ असे सर्रास लिहिले जाते. जन्मतारीख ठरवताना बाजार सोयीचे साल निवडतो. कागद मात्र दोन दशके मागे नेतो. माझे मत कागदाच्या बाजूने आहे.

क्लेमेंते यांची कन्या कातेरिना हिचा विवाह फ्लोरेन्सच्या याकोपो बियोंदी या वैद्यांशी झाला. त्यांचा पुत्र फेरुच्चो. पित्याचे बियोंदी आणि आजोळचे सांती, ही दोन्ही नावे त्याने जोडली. १८६६ मध्ये, अवघ्या सतराव्या वर्षी, तो गॅरिबाल्डीच्या स्वयंसेवकांत बेत्सेक्काच्या लढाईत होता. परतल्यावर त्याच्यापुढे निराळाच शत्रू उभा राहिला. अमेरिकेतून आलेला फिलॉक्सेरा हा मुळांना लागणारा सूक्ष्म कीटक युरोपातील द्राक्षमळे उद्ध्वस्त करीत होता. अमेरिकी खुंटावर स्थानिक वेलीचे कलम करणे हाच त्यावर टिकाऊ उपाय ठरला. मळे नव्याने लावायचेच होते; मग कोणती वेल लावायची? फेरुच्चोने सांजोवेझे या एकाच लाल जातीचे निवडक वेल घेतले. मिश्रण बंद केले, गोवेर्नो सोडला आणि वाइन ओकच्या मोठ्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरू दिली. सांजोवेझेची आम्लता आणि टॅनिनचा तुरटपणा तरुणपणी जिभेला बोचतो. दीर्घायुष्य मात्र त्यांतूनच येते.

हिशोबाच्या दृष्टीने हा आतबट्ट्याचाच धंदा! पैसा पिंपात अडकून पडायचा, आणि साल उत्तम नसेल तर ‘रिझेर्वा’ काढायचीच नाही हा नियम. १९४५पर्यंत केवळ चारच रिझेर्वा निघाल्या : १८८८, १८९१, १९२५ आणि १९४५.

फेरुच्चोचा पुत्र तांक्रेदी, म्हणजे भिंत बांधणारा, स्वतः वाइनशास्त्रज्ञ होता. जुन्या बाटल्यांतील वाइन हळूहळू घटते, बूच झिजते. म्हणून त्याने १९२७ मध्ये १८८८ व १८९१च्या बाटल्या उघडल्या, त्याच सालच्या एखाद्या बाटलीचा बळी देऊन बाकीच्या काठोकाठ भरल्या आणि नवी बुचे बसवली. संख्या कमी होते, पण सालात भेसळ होत नाही. जीर्ण पोथीची डागडुजी त्याच पोथीच्या कोऱ्या पानाने करावी, तसेच हे.

जगाचे लक्ष गेले ते १९६९ मध्ये. लंडनमधील इटालियन दूतावासात राष्ट्राध्यक्ष जुझेप्पे सारागात यांनी राणी एलिझाबेथ यांच्यासाठीच्या भोजनात १९५५ची रिझेर्वा ठेवली. एका डोंगरी गावाचे नाव मग युरोपभर झाले, मळ्यांच्या किमती चढल्या, नवे उत्पादक आले.

पुढे तेच यश अंगाशी आले. नियमानुसार ब्रुनेल्लोत शंभर टक्के सांजोवेझेच हवी. २००८ मध्ये काही उत्पादक इतर द्राक्षे मिसळतात असा आरोप होऊन चौकशी सुरू झाली. नियमच शिथिल करावा, असेही सूर निघाले. तांक्रेदींचे पुत्र फ्रांको, तेव्हा ८६ वर्षांचे, निर्भेळ सांजोवेझेच्या बाजूने ठाम राहिले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्पादकांनी मतदान करून नियम कायम ठेवला.

फ्रांको २०१३ मध्ये वारले. २०१६ अखेर इल ग्रेप्पोची बहुसंख्य मालकी ईपीआय या फ्रेंच समूहाकडे गेली. सैनिकांपासून वाचवलेले तळघर अखेर कायदेशीर व्यवहाराने परक्या हाती गेले. १८८८च्या उरलेल्या मोजक्या बाटल्या मात्र अजून तेथेच आहेत.